तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या कोडला फॉर्मॅटर लावावा का?

कोडची मांडणी (मोकळ्या जागा, ओळी, कंस) आपोआप एकसारखी करणारं साधन म्हणजे फॉर्मॅटर. त्याबद्दल प्रश्न साधारण असा येतो : 'आमचा प्रोजेक्ट बरीच वर्षं चालू आहे, प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने लिहिलंय. आता सगळ्यावर फॉर्मॅटर चालवला तर गिट ब्लेमची वाट लागेल. मग फक्त नव्या फाइलींना लावू का?' (गिट म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास जपणारं साधन, कमिट म्हणजे त्या इतिहासातली एक नोंद, आणि ब्लेम म्हणजे कोणती ओळ शेवटची कोणी बदलली हे दाखवणारी सोय.)

माझं उत्तर : लावा, सगळ्या कोडला लावा, आणि एकाच कमिटमध्ये लावा. नव्या फाइलींपुरता लावण्याचा मार्ग दिसायला सुरक्षित आहे, पण इतिहासाचं खरं नुकसान तोच करतो. ते कसं, हे पुढे येईलच. आधी मी एवढा आग्रह का धरते ते सांगते.

कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकाऱ्याचा कोड तपासताना, सर्वांत सोपी कॉमेंट कोणती? 'इथे स्पेस हवी', 'कंस खालच्या ओळीवर घ्या'. सोपी असते म्हणून ती आधी दिली जाते, आणि ती देऊन झाली की रिव्ह्यू केल्याचं समाधानही मिळतं. ट्रँझॅक्शन चुकीच्या जागी बंद होतंय, हे बघायला लागणारं लक्ष तोवर संपलेलं असतं. शिवाय टीममध्ये नवीन आलेल्या व्यक्तीच्या पहिल्याच पुल रिक्वेस्टवर ('माझा बदल प्रोजेक्टमध्ये घ्या' या विनंतीवर) अशा कॉमेंट्सची रांग लागली, की तिला वाटतं आपलं कामच कच्चं आहे. मला हे मनापासून खटकतं. जे काम मशीन एका क्षणात करतं, त्यावरून माणसाने माणसाला का टोकायचं?

दुसरं कारण माझ्या लेखी त्याहून मोठं आहे. आपण कोड वाचताना कंस मोजत नाही, ओळ किती आत सरकली आहे ते बघतो. ते इंडेंटेशन खोटं बोलत असेल तर आपण फसतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलने दुरुस्त केलेला 'गोटू फेल' बग आठवून बघा. सर्व्हरची सही तपासणाऱ्या सी फंक्शनमध्ये एक 'इफ' होता, कंसांशिवाय. त्याच्याखाली 'गोटू फेल' (म्हणजे 'फेल' या खुणेकडे उडी मार) ही ओळ, आणि तिच्याखाली तीच ओळ पुन्हा, तितकीच आत सरकवलेली. डोळ्यांना दोन्ही ओळी 'इफ'च्या आत दिसतात. कंपायलरसाठी फक्त पहिली आत आहे. दुसरी दर वेळी चालते. त्यामुळे पुढची तपासणी वगळून फंक्शन थेट शेवटी जायचं, तेही एररची किंमत शून्य असताना, म्हणजे 'सगळं ठीक' असं सांगत. सही खरी आहे का, हे तपासलंच जात नव्हतं.

सी आणि सी++ साठीच्या क्लँग-फॉरमॅट या फॉर्मॅटरने ती दुसरी ओळ डावीकडे ओढून 'इफ'च्या रांगेत आणली असती. फॉर्मॅटर बग शोधत नाही, हे मान्यच. तिथे कंपायलरची वॉर्निंग किंवा एखादी नीट टेस्टही कामी आली असती. पण आकार आणि अर्थ जुळलेले असले की वाचणाऱ्याला संधी तरी मिळते. जावास्क्रिप्टमध्ये 'रिटर्न' लिहून ऑब्जेक्ट खालच्या ओळीवर घेतला तर भाषा 'रिटर्न'नंतर स्वतःच सेमिकोलन धरते आणि ऑब्जेक्ट परत जातच नाही. जावास्क्रिप्टचा फॉर्मॅटर प्रेटियर तो न दिसणारा सेमिकोलन लिहूनच दाखवतो.

'पण कोड बिघडला तर?' ही भीती रास्त आहे. बहुतेक फॉर्मॅटर तुमचा मजकूर इकडून तिकडे ढकलत बसत नाहीत. ते आधी कोड वाचून त्याचं सिंटॅक्स ट्री (कोडच्या रचनेचं झाडासारखं चित्र) बनवतात, तुमचं इंडेंटेशन आणि ओळींची मोडणी जवळजवळ सगळी टाकून देतात आणि त्या ट्रीवरून कोड नव्याने छापतात. पायथॉनचा फॉर्मॅटर ब्लॅक त्यानंतर जुन्या आणि नव्या कोडची ट्री समतुल्य आहेत का, हेही पडताळतो. सी आणि सी++ मध्ये मात्र एक जागा सांभाळा : क्लँग-फॉरमॅट सेटिंगनुसार इन्क्लूडच्या ओळींचा (हेडर नावाच्या दुसऱ्या फाइली आत घेणाऱ्या ओळींचा) क्रमही बदलतो. तुमची हेडर एकमेकांच्या क्रमावर अवलंबून असतील तर बिल्ड मोडू शकतो. तेवढं पहिल्या खेपेला बंद ठेवा.

आता गिट ब्लेम. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या गिट २.२३ पासून ब्लेमला 'हे कमिट धरू नकोस' असं सांगता येतं. रिपॉझिटरीच्या (गिटमधल्या प्रोजेक्टच्या) सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये '.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज' नावाची फाइल ठेवायची, त्यात फॉर्मॅटिंगच्या कमिटचा पूर्ण हॅश (त्याची ओळख असलेली अक्षर-आकड्यांची लांब ओळ) लिहायचा आणि गिटच्या 'ब्लेम.इग्नोररेव्ह्जफाइल' या सेटिंगमध्ये तिचं नाव द्यायचं. हे सेटिंग प्रत्येकाने आपापल्या मशीनवर करायचं असतं. गिट रिपॉझिटरी ठेवण्याची वेबसाइट गिटहब ती फाइल आपणहून वाचते. मग बहुतेक ओळींसमोर पुन्हा त्या खरोखर लिहिणाऱ्याचं नाव दिसू लागतं.

ही सोय कधी चालते? त्या कमिटमध्ये फॉर्मॅटिंगशिवाय काहीही नसेल तेव्हाच. 'फक्त नव्या फाइली' म्हणून सुरुवात केलीत तरी पुढे जुन्या फाइलीही हात लागेल तशा फॉर्मॅट होऊ लागतात, आणि मग दर कमिटमध्ये अर्थाचा बदल आणि मोकळ्या जागेचा बदल एकत्र मिसळतात. तसं कमिट वगळायचं म्हणजे खरा बदलही वगळायचा. वर रिव्ह्यू करणाऱ्याला तीन ओळींची दुरुस्ती चारशे ओळींच्या डिफमध्ये (बदललेल्या ओळींच्या यादीत) शोधावी लागते, ते वेगळंच.

क्रमही महत्त्वाचा. आधी फॉर्मॅटरचं कॉन्फिगरेशन एका कमिटमध्ये आणा, पुढच्या कमिटमध्ये फक्त फॉर्मॅटिंग, आणि ते मुख्य ब्रँचवर (सगळ्यांच्या सामाईक कोडच्या शाखेवर) पोचल्यावर तिसऱ्यात त्याचा हॅश नोंदवा. घाईने आधीच नोंदवलात आणि मर्ज करताना (शाखा एकत्र करताना) स्क्वॅश झालं, म्हणजे अनेक कमिट एकात दाबली गेली, तर हॅश बदलतो आणि नोंद निरुपयोगी होते. ज्यांच्या ब्रँच अजून उघड्या आहेत त्यांनी फॉर्मॅटिंगच्या आधीच्या कमिटपर्यंत मुख्य ब्रँच स्वतःत मर्ज करावी, मग आपल्या ब्रँचवर तोच फॉर्मॅटर चालवून कमिट करावं. त्यानंतर फॉर्मॅटिंगचं कमिट 'अवर्स' स्ट्रॅटेजीने, म्हणजे आपल्याच ब्रँचचा मजकूर जसाच्या तसा ठेवून, मर्ज करावं. दोन्हीकडे एकच कॉन्फिगरेशन आणि एकच आवृत्ती असेल तर कॉन्फ्लिक्ट सोडवत बसावं लागत नाही.

आवृत्ती पक्की बांधून ठेवा, हे यातूनच येतं. २०२३ मध्ये प्रेटियर ३ ने यादीतल्या शेवटच्या घटकानंतर येणाऱ्या स्वल्पविरामाचा डिफॉल्ट बदलला. निम्म्या टीमकडे जुनी आणि निम्म्यांकडे नवी आवृत्ती असेल तर तेच स्वल्पविराम रोज येत-जात राहतील. सेटिंग्जवर मात्र वेळ घालवू नका. प्रेटियर ८० अक्षरांवर ओळ मोडतो, ब्लॅक ८८ वर. गो भाषेचा फॉर्मॅटर गोफम्ट इंडेंटेशनसाठी टॅब वापरतो आणि त्यात पर्यायच देत नाही. मला गोफम्टचा मार्ग सगळ्यांत पटतो. पर्याय ठेवले की जुना वाद कॉन्फिगरेशनच्या फाइलीत जाऊन बसतो.

एक नुकसान मात्र होतं आणि ते मी कमी लेखत नाही. कोणीतरी मन लावून ४ बाय ४ मॅट्रिक्सचे आकडे स्तंभांत जुळवलेले असतात, उणे चिन्हांसाठी जागा सोडून. फॉर्मॅटर त्या जागा मिटवतो आणि आकड्यांतली समरूपता दिसेनाशी होते. अशा जागा आधी शोधून ठेवा आणि तिथे फॉर्मॅटर बंद करा : ब्लॅकला 'फम्ट: ऑफ' आणि 'फम्ट: ऑन', प्रेटियरला 'प्रेटियर-इग्नोर', दोन्ही कॉमेंटमध्ये. शेजारी कारणही लिहा, 'स्तंभ मुद्दाम जुळवले आहेत' एवढं पुरतं. कारण नसलेली बंदी पुढचा कोणी साफसफाईत उडवतो, आणि फाइल सेव्ह होताच मॅट्रिक्स विस्कटतं.