मुथिगाची साल

केनियातल्या न्येरीच्या मिशन रुग्णालयात मला जेमतेम वर्ष झालं होतं. त्या सोमवारी सकाळी पन्नाशीच्या एका शेतकऱ्याला चादरीत गुंडाळून आणलं. नाडी 130, हिमोग्लोबिन 5. आदल्या दिवसापासून डांबरासारखी काळी शौच. सोबत एक म्हातारी होती. सगळे तिला शोशो, म्हणजे आजी म्हणत. गावात झाडपाल्याची औषधं तीच देते.

"आठ महिने हिचाच काढा पितोय," सिस्टर रागाने म्हणाली. खरं सांगतो, मलाही राग आला.

दुर्बीण घातली. लहान आतड्याच्या तोंडाशीच नखाएवढा व्रण, त्यात उघडी पडलेली रक्तवाहिनी. इंजेक्शन देऊन क्लिप लावली, रक्त चढवलं. व्रण करणाऱ्या हेलिकोबॅक्टर या जंतूची तपासणी पॉझिटिव्ह आली. मग त्याच्या कोटाच्या खिशात डायक्लोफिनॅकची, म्हणजे व्रण वाढवणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं सापडली. गुडघ्यासाठी दुकानातून आणून तो दोन महिने रोज, तेही उपाशीपोटी घेत होता. शोशोला त्याचा पत्ताच नव्हता.

संध्याकाळी तिच्याशेजारी बाकावर बसलो. तिने सालीचा तुकडा हातात ठेवला. मुथिगा, तिचा काढा ज्या झाडाचा ते. चावला तर आधी नुसतं लाकूड, मग मिऱ्यासारखा जाळ, डोळ्यांत पाणी. झाडाच्या एकाच बाजूची पट्टी काढते म्हणाली; खोडाभोवती सगळी सोलली तर झाड मरतं. काढ्याने त्याचं दुखणं खरंच कमी झालं होतं, पण व्रण आत तसाच राहिला. मार्शल आणि वॉरन या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी 1980च्या दशकात हा जंतू समोर आणेपर्यंत आम्ही डॉक्टरही आम्ल कमी करून बहुतेकदा तेवढंच साधत होतो. मग तिला कुठल्या तोंडाने बोलणार?

"मग आज इथे कशी आणलीस त्याला?" मी विचारलं.

"दुखतं तोवर माझा. काळं पडलं की तुझा. माझ्या आईने शिकवलंय."

तिने तासभर जरी वाट पाहिली असती, तरी तो माझ्या हाती लागला नसता.

चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या, तेवढे दिवस काढा बंद ठेवायला सांगितला. तिने मान डोलावली. मग मी तिला विनंती केली, की महिनाभर काढा देऊनही ज्याचं पोट दुखतंय, त्याला काळं पडायच्या आधीच पाठव. आणि गुडघ्याच्या गोळ्या घेतो का, तेही विचार.

तिसऱ्या आठवड्यात तिने एका बाईला पाठवलं. पोट दुखत होतं, शौच अजून साधीच होती. सोबत जुन्या वर्तमानपत्रात नीट बांधलेली गुडघ्याच्या गोळ्यांची पाकिटं होती.