लसणीचा लेप

पावसाळ्यात फोंड्याच्या आमच्या दवाखान्यात बाकावर बसलेली निम्मी माणसं खाजवत असतात. दमट हवा, शेतातला चिखल, न वाळणारे कपडे; बुरशीला आणखी काय हवं! त्यामुळे सत्तरी तालुक्यातून आलेल्या त्या तरुणाच्या मांडीवरचा गजकर्ण नवा नव्हता. नवे होते ते त्यावर आलेले टम्म फोड आणि सोलवटलेली कातडी. गजकर्ण असा भाजत नाही.

"काय लावलंस?"

त्याने आईकडे पाहिलं. "लसूण वाटून रात्रभर बांधली," आई म्हणाली. "मोबाइलवर एक डॉक्टरच सांगत होता, लसणीने बुरशी मरते."

मरते, हे खरंच आहे. लसणीतून मिळणाऱ्या अजोईनचं ०.४ टक्के क्रीम पायाच्या बुरशीवर वापरल्याचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. ३४ रुग्णांपैकी २७ जण आठवड्याभरात बरे झाले. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि ०.४ टक्के क्रीम म्हणजे वाटलेली कच्ची लसूण नव्हे. ती रात्रभर बांधली की कातडी भाजते. मला २००२ सालचा टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या तेलाचा अभ्यास जास्त पटतो. तिथे ५० टक्के तेल लावणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांची बुरशी गेली. बिनऔषधी द्रव लावणाऱ्यांपैकीही ३१ टक्क्यांची गेली! शेजारणीच्या 'हमखास' औषधाचं यश बहुधा या ३१ टक्क्यांतलंच असतं.

"लसणीच्या आधी काय लावत होतास?" पिशवीतून चेपलेली ट्यूब निघाली. स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध, सगळं एकत्र. खरा घोळ इथे होता. स्टेरॉइडने खाज थांबते, पोराला वाटतं बरं झालं, आणि बुरशी आरामात पसरत राहते. कडेची साल खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर बुरशीचे फाटे फुटलेले तंतू स्पष्ट दिसले.

ट्यूब बंद केली. जखमेवर साधी पेट्रोलियम जेली आणि बुरशीसाठी पोटातून इट्राकोनाझोल दिलं.

"परसात गजकर्णीचं झाड आहे, त्याचा पाला लावू?" आईने विचारलं. त्या झाडातली ऱ्हायनाकँथिन नावाची द्रव्यं प्रयोगशाळेतल्या बशीत या बुरशीला रोखतात. पण बशीला कातडी नसते. "मावशी, जखम भरेपर्यंत कुठलाच पाला नको," मी म्हटलं. "घरात आणखी कुणाला आहे का?"

थोडे आढेवेढे घेऊन तिने लुगड्याची गाठ सैल केली. कमरेभोवती गजकर्णाची पुरी वेटोळी.

"मग तुम्ही नाही बांधली लसूण?"

"छे, झोंबते ती!"