साखळी काढून घेतलेली चाचणी

दोन्ही हात कोपरावरून गेलेल्या माणसासाठी सायकल करायची म्हटले, की प्रत्येक जण आधी हँडलचे विचारतो. मला पहिल्यापासून काळजी होती ती ब्रेकची. कोल्हापुरात उद्यमनगरातील आमच्या कारखान्यात करवीर तालुक्यातील एका तरुणाची तीनचाकी तयार होत होती. विजेच्या धक्क्याने त्याचे हात गेले होते. पडताना हात टेकता येत नाहीत, म्हणून दुचाकीचा विचार सोडला. वळणावर ब्रेक लावताना गाडी सहज कलंडू नये म्हणून दोन चाके पुढे घेतली. हँडलच्या टोकांना दंडांसाठी मऊ अस्तराच्या वाट्या बसवल्या. दंड पट्ट्याने बांधावेत, असा त्याच्या वडिलांचा आग्रह होता. मी तो मानला नाही, कारण अपघातात ते आपोआप सुटले पाहिजेत.

मागच्या चाकाला पायडल उलटे दाबले की लागणारा कोस्टर ब्रेक होता. त्याला हात लागत नाहीत, पण त्याचा जोर साखळीतूनच चाकापर्यंत पोहोचतो. साखळी उतरली की तो संपलाच. शिवाय थांबताना भार पुढे जातो आणि मागचे चाक घसरू लागते. म्हणून डाव्या मांडीने बाहेर ढकलण्याची एक पट्टी बसवली आणि पुढच्या दोन्ही ब्रेकच्या तारा मध्ये फिरत्या दांडीला जोडून तिच्यावर आणल्या, कारण एक तार जास्त ताणली गेली तर गाडी त्या बाजूला ओढते आणि ती ओढ सावरायला मुठीची पकड नसते.

सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतल्या हलक्या उताराच्या रिकाम्या रस्त्यावर मी साखळी उतरवून ठेवली. वडिलांना ते पाहवेना.

"मागचा ब्रेक गेलाय असं समजून चालव," मी म्हणालो.

"काका, समजायचं काय त्यात, गेलाच आहे की!" तो म्हणाला आणि निघाला.

खुणेच्या रेषेपाशी त्याने मांडी दाबली. गाडी थोडी डावीकडे ओढली गेली, पण पुढे आखलेल्या थांबण्याच्या रेषेच्या अलीकडेच थांबली. तारेचा ताण जुळवल्यावर पुढच्या खेपेला ती सरळ थांबली, आणि मगच मी साखळी परत चढवली.

दोन्ही हात व एक पाय गमावलेला स्पेनचा रिकार्दो तेन जलतरण सोडून सायकलिंगकडे वळला आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये सांघिक स्प्रिंटचे कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात होता, हे त्या तरुणाने मला आधीच ऐकवले होते. आता त्याची मागणी वेगळी होती: चढता-उतरताना गाडी धरायला कुणी नको. त्यासाठी टाचेने लावायची आणि सोडायची ब्रेकची खीळ आम्ही सध्या करत आहोत.