झिरो: याझलीपर्यंतचा रस्ता, ‘रिझर्व्ह’ गाडी आणि भाताची खाचरं

अरुणाचल प्रदेशातल्या झिरोला निघण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. नाहरलगून हे इटानगरजवळचं रेल्वे स्टेशन, तिथून झिरो हे अंतर सव्वाशे किलोमीटरही नाही आणि फोन चार तास दाखवतो. पावसाच्या दिवसांत हे चार तास साफ खोटे आहेत. आम्हाला नऊ तास वीस मिनिटं लागली. त्यातले पावणेपाच तास होज ते याझली या एका टप्प्यात गेले. बाकी काही नाही वाचलंत तरी चालेल, पण हा टप्पा आणि स्टेशनाबाहेरचा गाडीचा व्यवहार, एवढं वाचून मगच निघा.

आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा मोठा भाऊ. दादा पवन मावळात इंद्रायणी भात लावतो. झिरोच्या आपातानी लोकांची शेती बघायची, हे त्याच्या मनात किती वर्षं होतं. नांगर नाही, बैल नाही, आणि त्याच खाचरात भाताबरोबर मासे. आम्ही ऑक्टोबरचा पहिला आठवडा धरला. दसरा आला की पाऊस आवरतो, हा आपला हिशोब. तो तिथे चालत नाही. अरुणाचलात ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पाऊस असतो, आणि सप्टेंबरभर भिजलेला डोंगर थोड्या सरीनेही सुटतो. रस्त्याची काळजी असेल तर दिवाळीनंतर जा. पण पिकलेलं भात तेव्हा गेलेलं असतं. आम्हाला भात बघायचं होतं, म्हणून पुन्हा गेले तरी मी ऑक्टोबरच निवडेन.

आता व्यवहार. गुवाहाटीहून रात्रीची गाडी पहाटे नाहरलगूनला पोचते. उतरल्यावर इनर लाइन परमिटची, म्हणजे बाहेरच्यांना अरुणाचलात शिरायला लागणाऱ्या परवान्याची, तपासणी होते. परमिट ऑनलाइन मिळतं. दोन दिवस आधी काढा आणि कागदावर छापून न्या, कारण फोनवरचं दाखवायला गेलात तर नेमकं तेव्हा नेटवर्क नसतं. आमचं दहा मिनिटांत झालं. बाहेर आलो तर एक गृहस्थ पुढे आले. अगदी सभ्य बोलणं. म्हणाले, “काउंटरवाली सुमो तो आज नहीं जाएगी दीदी, रास्ता बंद है. रिझर्व्ह लेना पड़ेगा.” काउंटरवाली सुमो म्हणजे सीटवारी जाणारी जीप. अख्खी गाडी एकट्याने करायची, याला तिकडे सगळीकडे रिझर्व्ह म्हणतात. आठ हजार सांगितले, साडेसात हजारांवर ठरलं. रात्रभराचा प्रवास, पहाटेची वेळ, पाऊस भुरभुरतोय. आम्ही बसलो.

संध्याकाळी हापोलीला, म्हणजे नव्या झिरोला, उतरलो तर समोर काउंटरवर दोन सुमो चिखलाने माखून उभ्या. त्या त्याच सकाळी नाहरलगूनहून निघाल्या होत्या आणि आमच्या तासभर आधी पोचल्या होत्या. सीटला पाचशे रुपये. दोघांचे हजार झाले असते. साडेसहा हजारांचं वाईट वाटलंच, पण त्याहून राग आला तो ‘बंद है’ या शब्दांचा. रस्ता बंद असेल तर तो रिझर्व्हवाल्यालाही बंदच असतो, एवढा साधा विचार आम्ही पहाटे केला नाही. तुम्ही करा. स्टेशनावर कुणी काहीही सांगो, आधी सुमोच्या काउंटरपर्यंत स्वतः जा, स्वतः विचारा, आणि मगच ठरवा. सुमो सकाळीच निघतात, उशीर करू नका. सीट मागताना ड्रायव्हरच्या शेजारची नाहीतर मधल्या रांगेतली मागा. मागची आडवी बाकडी मिळत असतील तर सरळ दुसऱ्या दिवसाचं तिकीट घ्या आणि नाहरलगूनला मुक्काम करा. त्या रस्त्यावर मागे बसून नऊ तास जाणं धडधाकट माणसालाही झेपत नाही.

आणि त्या गाड्या पुढे कशा गेल्या, तेही सांगते. होजच्या पुढे चढ लागला तसा डांबराचा पत्ताच नाहीसा झाला. लाल चिकट माती, तिच्यात ट्रकच्या चाकांनी पाडलेल्या गुडघाभर चाकोऱ्या, एका बाजूला ओला कडा आणि दुसऱ्या बाजूला खाली झाडी. वाटेतल्या पोटिन गावाच्या थोडं पुढे दरड आली होती. जेसीबी एकच. तो माती बाजूला ओढायचा, वरून तेवढीच परत यायची. आमचा ड्रायव्हर रांग लागल्याबरोबर गाडी बंद करून झोपला. सुमोवाले मात्र खाली उतरून पुढे गेले, जेसीबीवाल्याशी बोलले, चाकोरीत दगड टाकले, आणि वाट अर्धी मोकळी होताच सगळ्यांत आधी निघाले. रोज याच रस्त्याने जाणारा माणूस आणि भाडं मिळालं म्हणून आलेला माणूस यांच्यातला हा फरक होता, आणि आम्ही साडेसातपट पैसे मोजून यातल्या दुसऱ्या माणसाच्या गाडीत बसलो होतो.

तीन तास आम्ही तिथेच होतो. खायला काही नाही, पाणी अर्धी बाटली. म्हणून सांगते, नाहरलगूनलाच पोटभर खा, आणि दोन लिटर पाणी, केळी, भाजलेले शेंगदाणे, प्लॅस्टिकचा एक कागद जवळ ठेवा. गाडी लागत असेल तर गोळी निघण्यापूर्वी घ्या, पोटिनला घेऊन काही उपयोग नाही. उत्तर लखीमपूरवरून किमिनमार्गे जाणारा रस्ता बरा, असं तुम्हाला कुणी सांगेल. पण तोही पोटिनलाच येऊन मिळतो, पुढचा टप्पा दोघांनाही तोच. याझलीला रंगानदीचं धरण लागतं, ४०५ मेगावॅटच्या प्रकल्पाचं. इथलं पाणी बोगद्यातून डोंगराखालून होजच्या वीजघरात जातं. ज्या होजहून आम्ही पावणेपाच तास चढत आलो, तिथेच हे पाणी डोंगराच्या पोटातून सरळ उतरतं, हे दादाने सांगितलं तेव्हा मला ते ऐकायचंही त्राण नव्हतं. याझलीनंतर रस्ता सुधारतो. पण पाचला अंधार पडतो, हे लक्षात असू द्या. दुपारी निघून रात्री पोचू, असला बेत करू नका.

मुक्काम हापोलीत करू नका. बाजार, एटीएम, कचेऱ्या, सगळं तिथे आहे, पण शेती बघायला आलेल्या माणसाने तिथे राहून काय करायचं? होंग किंवा हिजासारख्या गावात घरगुती सोय बघा. आम्ही होंगला राहिलो, हापोलीपासून तीन-एक किलोमीटर. त्या रात्री घरच्या दीदींनी आम्हाला चुलीपाशी बसवलं, ओले बूट चुलीवरच्या माळ्यावर ठेवले आणि विचारलं फक्त एवढंच, “कितना घंटा लगा?” आकडा ऐकून त्यांनी मान हलवली आणि आधी भात वाढला. भात, पालेभाजी उकडलेली, आणि बांबूच्या कोंबाबरोबर शिजवलेलं डुकराचं मांस. त्याला पिके पिला म्हणतात, त्यात राखेतून गाळलेलं क्षारी पाणी घालतात. चव थोडी तुरट, थोडी धुरकट. मला दुसऱ्या घासापासून आवडली. शाकाहारी असाल तर आधी फोनवर स्पष्ट सांगा. डाळ, भात, बटाटा, साग एवढं नक्की मिळतं, त्याच्या पुढे अपेक्षा ठेवू नका. भाषेची अडचण नाही. हिंदी सगळे बोलतात.

दुसऱ्या दिवशी आमच्या हातून आणखी एक चूक झाली. ‘आठ पॉइंट’ दाखवणारी गाडी केली, साडेतीन हजारांत. करू नका. ‘व्ह्यू पॉइंट’, पाइनची बाग, मत्स्यपालन केंद्र, हे बघत गाडी त्याच खोऱ्यात फिरते आणि दर वेळी तुम्हाला रस्त्यावर उतरवते. कार्डोचं शिवलिंग २००४ साली सापडलं, ते प्रचंड आहे आणि श्रद्धा असेल तर जरूर जा, पण त्याच्यापुरती गाडी करा. बाकी झिरो पायी बघायचं असतं. खोरं सपाट आहे, समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर, हवा गार. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालण्याची सवय असेल तर गाडीची गरजच पडत नाही. हापोलीच्या बाजारात साडेतीनशे रुपयांचे रबरी गमबूट घेतले, ती या प्रवासातली सगळ्यात शहाणपणाची खरेदी. ट्रेकिंगचे महागडे बूट पहिल्याच बांधावर निकामी झाले.

खाचरांत मात्र आम्ही दोन दिवस घालवले, आणि याच्यासाठी तो रस्ता मी पुन्हा सोसेन. भात पिकलं होतं, कापणी अर्ध्यावर आलेली. दादा एका बांधावर उभा राहिला आणि किती तरी वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “बांध बघ. आपल्या बांधावर गवत असतं. यांच्या बांधावर नाचणी आहे.” खरोखरच होती. खाली भात, बांधावर नाचणी, आणि भाताच्या पाण्यात मासे. खाचराच्या मधोमध चर खणलेले असतात. पाणी उतरवलं की मासे चरात गोळा होतात, तिथून धरायचे. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे खाचरात शिरतात, मिळाले तर मिळाले. इथे वसंतात पिल्लं सोडून ते मुद्दाम वाढवतात. एका खाचरातून दुसऱ्यात पाणी जायला बांधात पोकळ लाकडाच्या नाहीतर बांबूच्या मोऱ्या बसवलेल्या, आणि कुठली कधी उघडायची ते शेजाऱ्याशी ठरलेलं.

आपल्यासारखा पालापाचोळा जाळून राब भाजत नाहीत. पेंढा शेतातच कुजू देतात, वर कोंडा, राख, डुकरं-कोंबड्यांचं खत. मिथुन हे मोठं जनावर त्यांच्याकडे आहे, पण ते जंगलात मोकळं असतं, नांगराला जुंपत नाहीत. सगळी मशागत कुदळीने, हातांनी. दादाने विचारलं की मजूर परवडतात कसे. तिथल्या काकांनी सांगितलं ते पातांगचं, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतावर राबणाऱ्या टोळीचं. “आपली सावडच की,” दादा म्हणाला, आणि मग त्या दोघांचं असं काही जमलं की मी बांधावर एकटीच बसून राहिले. आमच्या वाडीतली सावड माझ्या लहानपणीच बंद पडली. ती इथे चालू आहे, हे कळल्यावर दादाचा चेहरा जसा झाला तसा मी तो आमच्या आबांच्या जाण्यानंतर पहिल्यांदा पाहिला.

कापलेलं भात तिथेच झोडतात आणि टोपल्यांतून गावाच्या कडेला असलेल्या कोठारांत नेतात. कोठारं घरांपासून लांब असतात, कारण घरं बांबूची आणि एकमेकांना चिकटलेली, मधोमध चूल. आग लागली तर निदान वर्षाचं धान्य वाचावं.

बांधांवर चालताना काही पाळा. वाट विचारूनच बांधावर चढा. नाचणीवर पाय देऊ नका, बांधाची कड ढासळली तर पाणी फुटतं आणि माशांसकट खालच्या खाचरात जातं. आमच्यासमोर एका पर्यटकाने फोटोसाठी उभ्या पिकात पाय घातला. शेताची मालकीण काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. मला फार लाज वाटली, कारण तो मराठीत बोलत होता.

फोटोंचंच आणखी एक. नाकात काळी चकती आणि चेहऱ्यावर गोंदण असलेल्या आजी बघायच्या, म्हणून कित्येक जण झिरोला येतात. ही प्रथा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबली, त्यामुळे आता हयात आहेत त्या सगळ्या वयस्कर बायका. त्या ओट्यावर ऊन खात बसलेल्या असतात. लांबून लेन्स रोखू नका. जवळ जाऊन बसा, चार शब्द बोला, विचारा. ‘नाही’ म्हणाल्या तर नाही. आम्ही ज्यांच्याजवळ बसलो त्यांनी फोटो नको म्हणून सांगितलं, आणि मग अर्धा तास दादाच्या हातावरचे घट्टे तपासत हसत होत्या.

तिसऱ्या दिवशी काही केलं नाही, पाऊस होता. टाले व्हॅलीच्या जंगलाकडे जायचं होतं, पण जळवा आणि चिखल यांचं वर्णन ऐकून बेत सोडला. तिकडे जायचं तर कोरड्या दिवसांत जा. सप्टेंबरच्या अखेरीस संगीत महोत्सव असतो, तेव्हा शेती बघायला जाऊ नका. खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर भाव भलताच.

रोख पैसे न्या. ऑनलाइन पैसे हापोलीत चालतात, पण पाऊस असला की नेटवर्क आणि वीज दोन्ही जातात आणि घरमालकिणीपुढे फोन हलवत उभं राहावं लागतं. ऑक्टोबरातही रात्री स्वेटर लागतो. डिसेंबर-जानेवारीत दहिवर गोठतं, तेव्हा जाड कपडे न्या.

परतीचं तिकीट हापोलीच्या काउंटरवर आदल्या संध्याकाळीच काढलं. दोघांचे हजार रुपये, मधली रांग. पहाटे साडेपाचला सुमो निघाली. पोटिनच्या त्याच दरडीपाशी ड्रायव्हर आपणहून उतरला, पुढे जाऊन बघून आला, म्हणाला “बीस मिनट”, आणि खरोखर वीस मिनिटांत आम्ही पलीकडे होतो. नाहरलगूनला सव्वाबाराला पोचलो. दीदींनी बांधून दिलेला नाचणीचा पुडा दादाच्या मांडीवर होता. तो येत्या पावसात मावळातल्या बांधावर पेरून बघायचं त्याने ठरवलं आहे.