सेकंड लाइफमध्ये सकाळचा राग: माझा अनुभव

सेकंड लाइफ ही ऑनलाइन दुनिया २००३ सालापासून चालू आहे. कॅलिफोर्नियातल्या लिंडन लॅबनं ती उभी केली. तिथं माणसं आपापले अवतार घेऊन वावरतात, जमिनी घेतात, घरं बांधतात, आणि कुठं ना कुठं कुणीतरी त्या क्षणी खरोखर गात असतं. गिटारवर गाणारे पुष्कळ. ख्याल, म्हणजे आपलं शास्त्रीय गाणं, गाणारं मला तरी कुणी भेटलं नाही. म्हणून कोथरूडमधल्या आमच्या मागच्या खोलीत बसून आपणच गायचं ठरवलं. ते जमवायला काय काय करावं लागलं ते लिहून ठेवते, म्हणजे पुढं कुणा गाणाऱ्याला वाटलं तर सोपं जाईल.

आधी आवाज जातो कसा ते समजून घ्यावं लागतं. गाणं लिंडन लॅबच्या सर्व्हरमधून जातच नाही. आपण घरून तो आवाज भाड्यानं घेतलेल्या शाउटकास्ट सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेट रेडिओ चालतो तसल्या सर्व्हरवर, पाठवायचा. कार्यक्रम जिच्या जागेत आहे ती मालकीण त्या सर्व्हरचा पत्ता आपल्या जमिनीच्या सेटिंगमध्ये टाकते, आणि तिथं आलेल्या प्रत्येकाचा कॉम्प्युटर थेट तिकडून आवाज ओढून घेतो. बोलायला व्हॉइस चॅट आहे, पण ते बोलण्यापुरतंच. बोलण्यासाठी केलेल्या सोयी एकसारखा चालू असलेला आवाज गोंगाट समजून दाबतात, आणि तानपुरा म्हणजे नेमका तसाच आवाज. षड्ज, म्हणजे सा, मागून निसटला तर मी गाणार कशावर?

माइकचा विचार मी सर्वांत जास्त केला. कंडेन्सर माइक गळ्यातलं बारीकसारीक सगळं पकडतो, पण त्याबरोबर दूधवाल्याची स्कूटर आणि शेजारचा कुकरही पकडतो. मी डायनॅमिक माइक घेतला आणि तोंडाजवळ ठेवून गायची सवय केली. मींड घेताना, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाताना, मान हलली की आवाज पडतो, त्यामुळे हे वाटतं तितकं सोपं नाही. रियाजालाही तोच माइक समोर ठेवावा लागला. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची वायर थेट ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डबीच्या, दुसऱ्या चॅनेलला जोडली. पुढं सर्व्हरपर्यंत पोचवायचं काम बट नावाचं मोफत सॉफ्टवेअर करतं. १२८ केबीपीएसला नेट फार लागत नाही, मात्र ते मध्ये तुटता कामा नये. म्हणून वायफाय बंद, केबल लावलेली, आणि राउटर इन्व्हर्टरवर.

जागेच्या मालकिणीनं आधी नमुना ऐकायला मागितला. तिथं गाणाऱ्याला सहसा एक तास मिळतो आणि त्यात चार-पाच मिनिटांची गाणी एकामागून एक होतात. मी तिला कळवलं की माझं एकच गाणं तासातला बराचसा वेळ घेईल: आधी संथ लयीतलं विलंबित, मग जलद द्रुत, आणि शेवटी एक अभंग. तिनं हरकत घेतली नाही. फक्त ऐकणाऱ्यांना पुढं काय होणार ते कळावं, एवढं तिचं म्हणणं होतं. ते मला अगदी पटलं. तेव्हापासून राग कुठल्या वेळेचा, बंदिश कशाबद्दल आहे, लय कधी वाढेल, हे चार ओळींत आधीच टाइप करून ठेवते आणि गायला बसण्यापूर्वी चॅटमध्ये टाकते.

आमच्या गाण्याच्या बाईंना सगळं सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, “समोर कोण बसतं गं? दाद कधी येते?” खरी अडचण त्यांनी बरोबर ओळखली होती. आवाज श्रोत्यापर्यंत दहा ते तीस सेकंद उशिरा पोचतो, आणि तोही प्रत्येकाला सारखा उशिरा नाही. माझ्या विलंबित एकतालात एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पाऊण मिनिटाचं होतं; म्हणजे समेवरची, फेऱ्याच्या पहिल्या मात्रेवरची, दाद पुढच्या आवर्तनाच्या मध्यावर कुठंतरी येते. द्रुत तीनतालात तेवढ्यात चार-पाच आवर्तनं उलटलेली असतात. बैठकीत सम आली की समोरच्यांच्या माना एकदम हलतात आणि पुढची जागा त्यावरच सुचते. इथं तसं होत नाही. मी स्वतःच्या व्ह्यूअरमधला (सेकंड लाइफ ज्यात दिसतं त्या सॉफ्टवेअरमधला) स्ट्रीम बंद ठेवते, नाहीतर आपलाच आवाज मागून येऊन लय मोडतो. आणि द्रुत सुरू झाली की स्क्रीनकडे बघतच नाही. विलंबितात मात्र बघते. तिथं उशिरा आलेलं “वाह” आलापाच्या मध्ये येतं, आणि ते मला आवडतं.

तबल्यासाठी दुहेरी स्ट्रीमही करून बघितला. तबलजींनी त्यांच्या घरून ठेका पाठवायचा, मी तो ऐकत गायचं आणि दोन्ही मिळून पुढं सोडायचं. श्रोत्यांना ते एकत्रच ऐकू येतं. पण माझं गाणं तबलजींपर्यंत उशिरा पोचतं, त्यामुळे ते नुसता ठेका धरू शकतात. माझ्या तानेला उत्तर नाही, तिहाईवर (तीनदा म्हणून समेवर येणाऱ्या तुकड्यावर) एकत्र येणं नाही. ख्यालात याला संगत म्हणता येत नाही. आता ते रविवारी पहाटे कर्वेनगरहून आमच्याकडेच येतात. श्रोत्यांनी दिलेली टिप आम्ही अर्धी अर्धी वाटून घेतो. ती तिथल्या लिंडन डॉलर या चलनात येते; अडीचशेच्या आसपास लिंडन म्हणजे एक अमेरिकन डॉलर, त्यामुळे माझ्या वाट्यातून स्ट्रीमचं भाडं सुटतं एवढंच, पण तेवढं सुटतं.

राहिला वेळेचा प्रश्न. सेकंड लाइफचं घड्याळ कॅलिफोर्नियाचं. तिकडे शनिवारी संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा पुण्यात रविवारची सकाळ, साडेसहा. ऐकणारे दिवेलागणीला बसलेले, आणि मी पहाटेचा भैरव गाणार! त्यांच्यासाठी संध्याकाळचा मारवा किंवा पूरिया घ्यावा का, असं मी बाईंना विचारलं. “अगं, कोमल रिषभ लावायचाय तुला, आणि उजाडतंय तुझ्या खिडकीत. प्रहर गाणाऱ्याचाच धरायचा,” त्या म्हणाल्या. तिथल्या जागेवरचं आकाश मालकाला हवं तसं बदलता येतं. मी विनंती केल्यावर मालकिणीनं माझ्या तासापुरती पहाट लावून दिली.

नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागं जातात आणि माझी वेळ साडेसातवर येते. संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या मांडणीत भैरवासारखे संधिप्रकाशाचे राग सकाळी सातपर्यंत, पुढं शुद्ध रिषभ-धैवताचे. म्हणून हिवाळ्यासाठी अल्हैया बिलावल बसवायला घेतलाय, आणि त्यातली विलंबित बंदिश बाईंकडे सध्या चालू आहे.