पायाच्या फुगलेल्या शिरा आणि माझं लेसर

लातूरला मेडिकलच्या काउंटरमागे दिवसभर उभं राहणं, हेच माझं काम. दिवेलागणीला डावा पाय जड व्हायचा, रात्री पोटरीत गोळे यायचे. आई म्हणायची, वात आहे, तेल लाव. पण पोटरीवर निळसर, गाठाळ शिरा वर आल्या, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट पडून खाजू लागली, तेव्हा सर्जनकडे गेलो.

त्यांनी आधी पावलावरची नाडी चाचपली. धमन्यांतून रक्त नीट उतरत नसेल तर या आजारात घालायचे घट्ट मोजे घातक ठरतात, म्हणाले. मग डॉप्लर, म्हणजे शिरांतलं रक्त कुठे वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, तीही उभ्यानेच. पोटरी दाबली की स्क्रीनवर रक्त वर सरकताना दिसायचं. सोडली की रंग पालटून तेच रक्त खाली यायचं. पोटरीचे स्नायू आवळले की शिरांतलं रक्त हृदयाकडे चढतं आणि आतल्या झडपा ते परत येऊ देत नाहीत. माझी जांघेतली झडप मिटतच नव्हती. रक्त साचून दाब वाढतो, तांबड्या पेशी बाहेर झिरपतात, त्यातल्या लोहाने कातडी काळवंडते. पुढे तिथंच जखम होऊन चिघळते. हे पाहिल्यावर तेल चोळून काय होणार, हे आईलाही पटलं.

खोलातल्या शिरेत गुठळी नाही, हेही त्याच तपासणीत कळलं. कुणाचा एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर तो चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी गाठा.

लेसरला मांडीभर भुलीची इंजेक्शनं देतात; त्रास झाला तो त्यांचाच. गुडघ्याजवळून तार आत सरकवून शीर उष्णतेने बंद केली. रक्त मग खोलातल्या शिरांतून जातं. त्याच दिवशी चालत घरी आलो. मांडीच्या आतून दोरी ओढल्यासारखं मात्र बरेच दिवस वाटत राहिलं.

खरी कसोटी मोज्यांची. ऐन मे महिन्यात लातूरच्या उन्हात ते घालणं सोपं नाही. सकाळी सूज चढण्याआधी, अंथरुणातच चढवायचे. हातांत रबरी हातमोजे असले की पकड येते. गिऱ्हाईक नसलं की मी टाचा उचलून खाली टेकवत राहतो. खाज थांबलीय, काळा डाग थोडा आहेच. बंद केलेली शीर कधी पुन्हा उघडते, कधी दुसरी बिघडते, म्हणून दिवाळीनंतर परत डॉप्लर करायचीय.