कवडीची प्रगती: आषाढ ते भाद्रपद

वाडीतल्या एका बंद घराच्या पडवीत एकटीच राहिलेली कवडी, ही ठिपक्यांची गावठी कोंबडी, मी घरी आणली, तेव्हा काट्यावर 750 ग्रॅम भरली. तिच्या चणीला सव्वा किलो तरी हवं. तुरा पांढुरका, छातीचं हाड हाताला सुरीसारखं लागत होतं, शेपटाखालच्या पिसांच्या मुळाशी लिखांचे गठ्ठे, पायांवरचे खवले उचललेले. शेजारच्या काकी बघून म्हणाल्या, "ही काय जगाची नाय गो. श्रावण लागाच्या आधी सागोती करून टाक."

अशा कोंबडीला एकाच वेळी चार-पाच दुखणी असतात आणि आपला हात आधी औषधाकडे जातो. माझं ठाम मत असं, की इथे औषधापेक्षा क्रम मोठा. आधी ऊब, मग पाणी, मग खाणं. उवा, जंत आणि पाय त्यानंतर.

आषाढ. कोंबडीचं अंग 41 ते 42 अंश सेल्सिअसला चालतं. उपाशी आणि भिजलेली कोंबडी उरलीसुरली ताकद तेवढं अंग गरम ठेवण्यातच संपवते. म्हणून मोठ्या खोक्यात भाताचं तूस पसरलं आणि एका कोपऱ्यावर 60 वॅटचा पिवळा बल्ब टांगला. दुसरा कोपरा मुद्दाम थंड ठेवला, गरम झालं तर तिला सरकता यावं म्हणून. पावसात लाईट गेली की गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी. खोकं मागच्या पडवीत, माझ्या खुराड्यापासून लांब. बाहेरून आलेला पक्षी महिनाभर तरी वेगळा हवाच, कारण मानमोडी (राणीखेत, कोंबड्यांचा साथीचा रोग) शिरली तर अख्खं खुराडं रिकामं होतं. आधी माझ्या कोंबड्यांचं आवरायचं, कवडीचं शेवटी, आणि तिच्याकडे जायच्या चपलाही वेगळ्या.

पाण्यात गूळ आणि चिमूटभर मीठ. हे पाणी तोंडात ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडायचा आणि तिने गिळायची वाट बघायची. मग उकड्या तांदळाची पेज, उकडलेल्या अंड्याचा बलक, पुढे नाचणीच्या भाकरीचा कुस्करा. रोज पहाटे गळ्याखालची चाऱ्याची पिशवी चाचपत होते. रात्रीचं खाणं सकाळपर्यंत खाली उतरायला हवं. गोळा तसाच राहिला तर पुढचं खाणं थांबवायचं. कवडीची पिशवी रिकामी मिळत गेली, तसं खाणं वाढवलं. हिरवी पातळ शीट हळूहळू तपकिरी झाली, वर पांढरी टोपी दिसू लागली. त्या दिवशी मला खरंच भरून आलं.

श्रावण. वजन चढायला लागल्यावरच उवांना हात घातला. लिखांनी लडबडलेली पिसं कातरली आणि चुलीची थंड, चाळलेली राख पिसांच्या मुळाशी चोळली. लिखा आठवडाभरात फुटतात, म्हणून आठवड्याने तेच पुन्हा. भर पावसात अशक्त पक्ष्याला आंघोळ घालायची नाही.

जंतांसाठी शीट घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तपासून वजनाप्रमाणे औषध दिलं. ती किलोच्या जवळ येईपर्यंत मी याला थांबले होते, कारण पुष्कळ जंत एकदम मेले तर अशक्त कोंबडीची आतडी तुंबू शकतात.

पायांना सगळ्यात जास्त धीर लागतो. खरजेचा बारीक किडा खवल्यांच्या आत घर करतो. पाय कोमट पाण्यात भिजवायचे, मऊ ब्रशने साफ करायचे, कोरडे करून करंजेल तेल चोपडायचं, दर तीन-चार दिवसांनी, कित्येक आठवडे. तेलाने किडा गुदमरतो. खवले उपटायचे नाहीत, रक्त येतं. रॉकेल लावायची जुनी रीत आमच्याकडे अजून आहे. त्याने कातडी भाजते, कृपा करून लावू नका. बसायच्या दांड्यालाही तेल पुसा.

भाद्रपद. वजन 1150 ग्रॅम. तुरा लाल. मानेवर नव्या पिसांच्या कांड्या फुटल्यात. पीस जवळजवळ सगळं प्रथिनांचंच असतं, त्यामुळे आता सुका जवळा सुरू केलाय. तो भिजवून, दोन पाणी धुऊन देते, कारण जास्त मीठ कोंबडीला सोसत नाही. कालवांच्या शिंपा कुटून वेगळ्या वाटीत ठेवल्यात, हवं तेवढं ती टिपते. अंडं अजून नाही, आणि मला घाईही नाही. पिसं भरत असताना कोंबडी अंडी थांबवते, त्यात दिवसही लहान होत चाललेत.

काकी आता रोज सकाळी तांदळाच्या कण्या घेऊन येतात. डॉक्टरांना विचारून मानमोडीची लस द्यायची आहे. त्यानंतर खुराड्यात मधे जाळी लावून तिला बाकीच्यांच्या शेजारी ठेवणार. जाळीतून टोचाटोची थांबली की मग जाळी काढायची, तीही संध्याकाळी, सगळ्या दांड्यावर बसल्यावर.